किमान एक दिवा लागलेला असावा

बसा जरा टेकून, अशी काय घाई लागलीय. एक गोष्ट सांगतो. भुताखेताची नाही, चोरीदरोड्याची नाही. एका बहीणभावाची आहे, आणि तिच्यात जे घडलं ते जवळजवळ सगळं एका खोलीत, पाठीला पाठ लावून ठेवलेल्या दोन खुर्च्यांवर घडलं. गणित आहे तिच्यात, हे आधीच सांगून टाकतो. घाबरू नका. ज्याला गणितातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही ही कळते, मीच पुरावा.

तर ही धाकटी. घरात धाकटी म्हणून धाकटी, नाहीतर पन्नाशी कधीच उलटलेली. तिचं काम असं, की कॉलेजातली पोरं तर्काचा आणि मोजणीचा जो पेपर देतात, त्याच्या सरावाची उदाहरणं ती रचायची. जर अमुक खरं असेल तर तमुक खरं. आता अमुक खोटं निघालं. तर मग काय ठरतं? किंवा इतकी माणसं, इतक्या खुर्च्या, किती तऱ्हांनी बसतील? असलं सगळं. एक प्रकाशक होता, त्याला नुसतं मालक म्हणत, तो दर आठवड्याला ही उदाहरणं छापून पोरांना घरपोच धाडायचा. रचणारी धाकटी, आणि ताडणारा तिचा दादा. ताडणारा म्हणजे काय, तर उदाहरण छापायला जाण्याआधी दुसऱ्या कुणीतरी ते कोऱ्या डोक्यानं सोडवायचं, रचणाराचं उत्तर न बघता. दोघांचं जुळलं तर छापा. नाही जुळलं तर कुणाचं तरी चुकलंय, नाहीतर प्रश्नालाच भोक आहे. बाकीचे ताडणारे मालकाला चिठ्ठीवर उत्तर लिहून द्यायचे. ह्या दोघांची रीत निराळी. एक टेबल खिडकीशी, एक समोरच्या भिंतीशी, आणि मधे दोन खुर्च्या पाठीला पाठ. तिनं प्रश्न खांद्यावरून मागं द्यायचा, त्यानं सोडवायचा, झालं की खुर्चीच्या पायावर टाच आपटायची. मग तिनं मोजायचं, एक, दोन, तीन, आणि तीनच्या मागोमाग दोघांनी एका दमात उत्तर बोलायचं. चांगली जाणती माणसं, पण लहान पोरं खेळात राज्य ठरवतात तशी. जुळलं की गुपचूप पुढचं. नाही जुळलं की भांडण. "भोपळा आहेस तू." "तू मोठा भोपळा, आधी जन्मलास." "आधी जन्मलो म्हणून तुला पाढे आले, नाहीतर बोटं मोजत बसली असतीस." वहिनी होती तेव्हा आतून ओरडायची, "अहो, खिडकी तरी लावा, लोकांना वाटेल वाटण्या चालल्यात!" दिवसाचा सगळा रस त्या भांडणात असायचा. वहिनी गेली, खिडकी लावा म्हणणारं कुणी उरलं नाही, भांडणं तेवढी राहिली.

आणि एका सकाळी ते झालं. झालं म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. जिन्यावरच्या तीन दिव्यांचं उदाहरण होतं. तीन दिवे, तिन्हींना आपापलं बटण, कुठले लागलेले कुठले विझलेले याच्या एकूण तऱ्हा किती? शेंबडं पोरही सांगेल, दोन दुणे चार, चार दुणे आठ. पुढं अवघड घाट चढायचा म्हणून आधी पाय मोकळे करायला ठेवलेलं उदाहरण ते. मागं टाच वाजली. एक, दोन, तीन. धाकटीच्या घशात तेवढ्यात काहीतरी खवखवलं आणि ती निमिषभर मागं राहिली, आणि त्या निमिषात दादाचा आवाज आला, ठाम, थोडा कंटाळलेला, "सात." आणि धाकटीनं काय करावं? तिच्या जिभेवर 'आठ' तयार बसलेला. टोक दातांना लागलेलं. तो तिनं गिळला आणि म्हणाली, "सात." मागं दादानं पुढच्या कागदासाठी खांद्यावरून हात पुढं केला. बोटं हलवली, आण लवकर. ती त्या बोटांकडं बघत राहिली. नखं नीट कापलेली, पहिल्या बोटावर शाईचा जुना डाग. ह्याच बोटांनी तिला लहानपणी आठ शिकवले होते, आणि आता तीच बोटं म्हणत होती सात, आणि धाकटीनं होकार दिला होता.

का दिला, हे ती नंतर स्वतःला कितीदा विचारत राहिली. भाजी चिरताना, दुकानात रांगेत उभं राहून, केस विंचरताना. दया आली म्हणावं तर दयेला वेळ लागतो, माणूस आधी बघतो, मग कळवळतो. इथं जिभेनं परस्पर करून टाकलं. भीती म्हणावी तर कसली? एक चूक कुणाचीही होते. तिची स्वतःची महिन्यातून दोनदा व्हायची आणि दादा ती आठवडाभर साजरी करायचा. पण तो 'सात' चुकीसारखा वाटला नव्हता. चुकीला एक आवाज असतो बघा, जरा धडपडलेला, जरा पुढं वाकलेला. हा सरळ उभा होता. आणि त्याच्या टेबलावरचा कागद ती नंतर उचलायला गेली तेव्हा दिसलं, त्यानं तऱ्हा एकेक करून मांडल्या होत्या, तिन्ही लागलेले, पहिले दोन लागलेले, अशा नीट रांगेत, सुबक अक्षरात, आणि शेवटची, ज्यात तिन्ही विझलेले, ती नव्हतीच. खाडाखोड नाही, जागा सोडलेली नाही. जणू तसं कधी असूच शकत नाही. तिला वाटलं, हाक मारावी, "दादा, अंधार राहिला की रे." तोंड उघडलंही. दादा खिडकीशी उभा राहून मान मोडत होता आणि वहिनीचं एक जुनं गाणं बेसूर गुणगुणत होता. ती परत खुर्चीत बसली, पेन घेतलं, आणि प्रश्नाच्या शेवटी एक ओळ वाढवली: किमान एक दिवा लागलेला असावा.

झालं. आता उत्तर सात. अगदी बरोबर, कुणीही ताडून बघावं. तिनं उत्तर बदललं नाही हो, प्रश्न बदलला. उदाहरण रचणारं माणूसच असली चूक करू शकतं. तुमच्याआमच्याच्यानं व्हायची नाही. आपण खोटं बोलतो तेव्हा खोटं बोलतो. हिनं सगळं जग अर्ध्या ओळीनं सरकवलं आणि भावाचं खरं करून दिलं.

एकदा वाट पडली की पाय आपोआप वळतात. तीन-चार दिवस सगळं बरोबर जुळायचं, तिला वाटायचं, गेलं ते, झोप झाली नसेल त्या दिवशी. मग एखादं यायचं. चार माणसं बाकावर किती तऱ्हांनी बसतील? चोवीस. दादा म्हणाला, "बारा." ती म्हणाली, "बारा." आणि मग पेन घेऊन विचार करत बसली, कुठल्या जगात हे बारा होतील? थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ शेजारी बसत नाहीत, असं लिहिलं. झाले बारा. सहा माणसं, प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा हात मिळवला तर किती वेळा? पंधरा. दादा म्हणाला, "चौदा." लिहिलं, दोन भावांचं बोलणं बंद आहे, ते हात मिळवत नाहीत. चौदा. पाच पाहुणे, पाच खोल्या, ज्याची त्याला वेगळी, किती तऱ्हा? दादा बराच वेळ टाच वाजवेना. मग वाजवली, आणि म्हणाला, "शून्य." त्या दिवशी तिचा हात पेनावर नुसता पडून राहिला. एकशेवीसचं शून्य. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, "येऊ द्या, येऊ द्या, बास" चाललं होतं. मग तिनं लिहिलं, एका खोलीला कुलूप आहे आणि किल्ली हरवली आहे. पाच पाहुणे, चार खोल्या, ज्याची त्याला वेगळी. शून्य.

आणि गंमत बघा, गंमत म्हणायची तर. मालकाचा फोन आला. "अहो बाई, हल्ली झालंय काय तुम्हाला? पोरं खूष आहेत! आधी तुमच्या उदाहरणांत नुसती अ, ब, क असायची. हल्ली माणसं दिसायला लागलीत. जावा भांडतायत, भाऊ बोलत नाहीत, किल्ल्या हरवतायत. घरातलं लिहिताय की काय?" आणि हसला. धाकटीही हसली. फोन ठेवल्यावर तिला स्वतःच्या हसण्याचा आवाज खोलीत राहिल्यासारखा वाटला, भांडं पडल्यावर घुमत राहतो तसा.

तिनं मागं राहायला शिकून घेतलं. तीन म्हणायचं, ओठ उघडे ठेवायचे, श्वास अर्ध्यावर धरायचा, त्याचं पहिलं अक्षर कानावर पडलं की त्याला चिकटून आपलं सोडायचं. इतकं बेमालूम जमायला लागलं की कधी कधी उदाहरण सोपं असलं, तो बरोबरच येणार हे माहीत असलं, तरी ती थांबायची. जिभेला खोडच लागली. स्वतःचं उत्तर तोंडातून आधी काढायची तिला भीती वाटायला लागली. तिला लहानपणचे चमचे आठवायचे. आई नव्हती, बाप कामावर, आणि दादा, स्वतःच मिसरूड न फुटलेला, तिच्यासमोर धुतलेले चमचे मांडून विचारायचा, "सगळे चमचे स्वच्छ आहेत, असं मी म्हणतो. हे खोटं पाडायचंय तुला. किती घाणेरडे चमचे दाखवावे लागतील?" ती म्हणायची, "सगळे." तो म्हणायचा, "हट्, वेडे. एक." आणि एक चमचा स्वतःच्या दुधात बुडवून तिच्या नाकाला लावायचा. "एक पुरतो. मोठ्यातलं मोठं वाक्य पाडायला एक पुरतो. म्हणून 'सगळे' म्हणायच्या आधी दहा वेळा बघायचं." ती तेव्हा हसून लोळायची. आता रस्त्यातून चालताना तो एक चमचा तिच्या नाकाला थंडगार लागायचा आणि ती उगीच पदरानं नाक पुसायची.

मग बसचं झालं. एका दुपारी दादा "जरा पाय मोकळे करतो" म्हणून गेला तो आलाच नाही. चहा निवला. ती खाली उतरली, कोपऱ्यावरच्या चांभाराला विचारलं, पलीकडच्या न्हाव्याला विचारलं, परत वर आली, परत उतरली. उन्हं कलल्यावर बसचा कंडक्टर त्याला दंडाला धरून घेऊन आला. घामानं निथळलेला, भला माणूस. "ताई, हे तुमचेच ना? शेवटच्या थांब्यावर बसले होते. म्हटलं काका, गाडी इथंच संपते. म्हणाले, मला माहीत आहे, मी विचार करतोय. मी दोन फेऱ्या मारून आलो तरी विचारच करतायत. खिशात तुमच्या प्रकाशकाचं पत्र होतं, त्यावर इथला पत्ता सापडला." दादा म्हणाला, "ठरवूनच गेलो होतो," आणि चपला काढून सरळ आत गेला. कंडक्टरनं धाकटीकडं बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं. "माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं," एवढंच म्हणाला. "डॉक्टरला दाखवा. लवकर बरं का."

तिनं संध्याकाळी विषय काढला. लांबून, कडेकडेनं. दादानं ऐकून घेतलं, हातातलं वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवलं आणि मास्तराच्या आवाजात म्हणाला, "धाकटे, मांड. जर डोकं बिघडलं असतं तर उत्तरं चुकली असती. बरोबर?"

"बरोबर."

"उत्तरं चुकली का?"

तिनं त्याच्या मांडीवरच्या वर्तमानपत्राची घडी सारखी केली.

"ह्या महिन्यात एक तरी जुळलं नाही असं झालं का? सांग की. इतकी वर्षं आपण कधी इतकं जुळवलं नव्हतं! मग? उत्तरं चुकली नाहीत, म्हणून डोकं बिघडलेलं नाही. निघतं की नाही?"

"निघतं," धाकटी म्हणाली.

"त्या कंडक्टरला सांग, तुझ्या डॉक्टरची तरी एवढी जुळतात का विचारून ये," म्हणाला आणि पुन्हा वर्तमानपत्र उलगडलं. उलटं. पण तेवढं सोडा. तर्क सोळा आणे खरा होता. त्यात कुठं बोट घालायला जागा नव्हती. तिनं रात्रंदिवस असल्याच गोष्टींवर पोट भरलं होतं, तिला कळत होतं. जर हे तर ते, ते नाही, म्हणून हे नाही. ह्या वाटेनं जाणारा कधी फसत नाही, असं ती स्वतः पोरांना सांगत आली होती. फक्त वाटेतला दुसरा दगड तिनं बसवलेला होता. पोकळ. आणि तो त्याच्यावर सगळा भार टाकून, ताठ मानेनं, तिच्याकडं बघून हसत उभा होता.

तरी ती आणखी काही दिवस गप्प राहिली. माणूस राहतो हो. सोडवलेलं उदाहरण पुढ्यात असतं आणि आपण पान उलटत नाही. तिला वाटायचं, काय बिघडतंय? तो सुखात आहे. सकाळी आंघोळ करून, भांग पाडून, टेबलाशी बसतो. टाच वाजवतो. जुळलं की मान डोलवतो. त्याच्याकडं ह्यापरतं उरलंय तरी काय? हे काढून घेतलं तर तो सकाळी उठेल कशाला? मग एका सकाळी ती खाली दळण आणायला गेली आणि परत येताना जिन्यातच तिला वास आला. दार उघडलं तर गॅस नुसता सुटलेला, वर रिकामं पातेलं, आणि दादा टेबलाशी पाठमोरा बसून, हातात काडेपेटी घेऊन, काड्या मांडून तऱ्हा मोजत होता. तिनं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, त्याच्या हातातून काडेपेटी काढून घेतली. त्यानं वर बघितलं. "अगं, मोजत होतो ना," म्हणाला. ती तिथंच फरशीवर बसली. आणि तिथं बसून, पिठाचा डबा मांडीत धरून, तिला कळलं की आपण त्याला काय दिलंय. त्याला वाटत होतं तो पहारा देतोय स्वतःवर. रोज स्वतःला ताडून बघतोय. आणि पहारेकऱ्याला तिनं झोपेचं औषध दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं उदाहरण मागं दिलं. दोन कारकून आहेत. प्रत्येकजण एकतर नेहमी खरं बोलतो, नाहीतर नेहमी खोटं. पहिला म्हणतो, 'आम्ही दोघंही खोटारडे आहोत.' तर कोण काय? टाच वाजली. तिनं मोजायला सुरुवात केली आणि एकवरच तिचा आवाज फाटला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजलं. एक. दोन. तीन. आणि ह्यावेळी ती थांबली नाही.

"पहिला खोटारडा, दुसरा खरा."

"दोघंही खोटारडे."

दोन उत्तरं खोलीच्या मधोमध एकमेकांवर आपटली. तिनं डोळे मिटून घेतले. मग खुर्ची करकरली, आणि दादा, तुम्हाला खरं वाटणार नाही, दादा हसला. मोठ्यानं, पोटातून, वहिनी असताना हसायचा तसा. "आली! आली भांडायला! देवा, वाट बघून डोळे गेले माझे. चुकलीस, भोपळे!"

"नाही चुकले."

"चुकलीस! पण असू दे, असू दे. बोललीस ना. अगं, मला केवढा घोर लागला होता. किती महिने झाले, एक भांडण नाही, काही नाही. तीन म्हणतेस आणि अर्धा श्वास मागं राहतेस. पूर्वी नव्हतीस राहत. तुझ्या वहिनीच्या बापाचं अस्संच सुरू झालं होतं, जीभ मागं पडायची. मी म्हटलं, गेली. माझी धाकटी गेली. डोक्यानं. तुला सांगणार कसं? म्हणून मी बसनं गेलो त्या दिवशी. तिकडं एक डॉक्टर आहे म्हणतात. म्हटलं, आधी आपण विचारून यावं, तुला न सांगता. उतरलो. आणि उतरल्यावर..."

त्यानं बोटावरच्या शाईच्या डागावरून अंगठा फिरवला.

"उतरल्यावर काय करायचं होतं ते गेलं डोक्यातून. तुझं होतं काहीतरी, एवढंच आठवत होतं. म्हणून बसून राहिलो."

धाकटी उठली. आणि जे त्या खोलीत कधी झालं नव्हतं ते तिनं केलं, खुर्ची उचलली, फिरवली, आणि त्याच्या समोर मांडून बसली. गुडघ्याला गुडघे. कामाच्या वेळी तिनं त्याचं तोंड कधी बघितलंच नव्हतं. केवढं म्हातारं झालं होतं ते. "दादा, बघ," ती म्हणाली. "समज, दोघंही खोटारडे. मग पहिला बोलला ते खरं झालं की नाही? खोटारडा खरं बोलेल का? मग दोघंही खोटारडे असतील तर हे वाक्य तिथं कुणाला बोलताच येत नाही." तो लक्ष देऊन ऐकत होता, मान हलवत होता, प्रत्येक पायरीला "बरोबर" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "अगदी बरोबर. म्हणून दोघंही खोटारडे." तिनं पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा प्रत्येक पायरीला बरोबर म्हटलं, आणि शेवटच्या पायरीवरून पाय घसरावा तसा पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा ती सांगायला लागली तेव्हा तो कागदाकडं नव्हता बघत. तिच्याकडं बघत होता. तिच्या गालावर त्याला काय दिसलं असेल ते दिसलं असेल.

"किती दिवस?" त्यानं हळूच विचारलं.

"बरेच."

"जुळायचं ते?"

"मी जुळवायचे."

"सगळी?"

"नाही रे, सगळी कुठं! पुष्कळ तुझी बरोबर होती. खरंच. पुष्कळ."

"सगळी बरोबर, हे मी म्हणत होतो," दादा म्हणाला. "ते खोटं पाडायला किती लागतात, धाकटे?"

त्यानंच एक बोट वर केलं. शाईचा डाग असलेलं. बोट तसंच हवेत राहिलं, आणि बघता बघता त्याचं तोंड बदललं, उदाहरण मांडताना व्हायचं तसं झालं, कपाळ आवळलेलं, ओठ पुढं. "जर डोकं बिघडलं असेल," तो सावकाश म्हणाला, "तर उत्तरं चुकतील. उत्तरं चुकली. म्हणून..."

"नाही!" धाकटी ओरडली. त्याचं बोट दोन्ही हातांनी धरलं. "नाही, दादा, असं नाही निघत! उलटं जात नाही ते. उत्तरं शंभर कारणांनी चुकतात. झोप नसली, चष्मा जुना झाला, लक्ष नसलं. उत्तरं चुकली म्हणून डोकं बिघडलं, हे निघत नाही. तूच शिकवलंस ना! तूच नापास करायचास मला ह्याच्यावर!"

दादा तिच्याकडं बघत राहिला. आणि त्याच्या चेहऱ्यावर जी माया आली ना, ती वर्गातल्या हुशार पोरीकडं बघताना मास्तरला येते तीच. "शाबास," तो म्हणाला. "निघत नाही." मग तिच्या हातातून आपलं बोट सोडवून घेतलं, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "निघत नाही, धाकटे. पण आहे."

पुढं काय व्हायचं ते झालं. डॉक्टर झाला, गोळ्या झाल्या, स्वयंपाकघराला कुलूप झालं, दाराला वरची कडी झाली. मालकाला तिनं स्वतः जाऊन सगळं सांगितलं. तो बिचारा म्हणाला, छापलंय त्यात चूक तर एकही नाही, ते राहू द्या. ताडायला दुसरा माणूस ठेवला. तो चिठ्ठीवर उत्तर लिहून धाडतो, भोपळा म्हणत नाही. दादा अजून सकाळी आंघोळ करतो, भांग पाडतो, टेबलाशी बसतो. ती अजून त्याला प्रश्न देते, छापायचे नसलेले, मुद्दाम त्याच्यासाठी रचलेले. अगदी सोपे, एकदोन पायऱ्यांचे. आणि काही काही सकाळी, फार नाही, पण येतात अशा सकाळी, त्याला लख्ख दिसतं. टाच वाजते, ती मोजते, तीन, आणि दोघांचं उत्तर एका दमात येतं, खरंखुरं, तिनं थांबून न ऐकता दिलेलं. जुळतं. आणि दादा मान वळवतो, खांद्यावरून तिच्याकडं बघतो, आणि हसून म्हणतो, "छान जुळवतेस हो. पूर्वीपेक्षा छान."

ती शपथा घेते. रडते. एकदा तर तिनं आपलं उत्तर आधी कागदावर लिहून, कागद पालथा घालून त्याच्या मांडीवर ठेवला आणि मग मोजलं. त्यानं कागद उलटला, बघितला, तिच्या हाताला थोपटलं. "कष्ट किती घेतेस गं," म्हणाला. ते सगळ्यात वाईट. चुकलं की तो मुकाट कबूल करतो, ते तिला सोसतं. पण बरोबर आलेलं त्याच्या पदरात टाकायला तिच्याकडं आता हात नाहीत. जे थोडं त्याचं शिल्लक आहे, त्याचं स्वतःचं, ते त्याला कळायची वाट तिनंच बुजवून टाकलीय, आणि बुजवली ती मायेनं, म्हणून तर कुणावर चिडताही येत नाही. तो उदाहरण नीट सोडवतो आणि सोडवलं हे त्याला कधी कळत नाही. उरलेल्या शुद्धीतलं एवढं सुख, आणि तेही वाया.

मी खालीच राहतो, धाकटी येताजाता मला सगळं सांगते, पण मी वर गेलो तर तिनंच पढवून धाडलाय म्हणेल तो, म्हणून तुम्हाला बसवून घेतलं. माझं एक काम करा. वरच्या मजल्यावर डाव्या हाताचं दार, आतून वरची कडी असते, दार जोरात वाजवा, तीच उघडेल. तिला सांगा, ताडायला आलोय. ती तुम्हाला आपली खुर्ची देईल, त्याच्या पाठीला पाठ लावून बसा. प्रश्न सोपा असतो, शाळेत गेला होतात तेवढं पुरे. टाच वाजली की ती मोजेल, आणि तीनला तुमचं तुम्ही बोला, मोठ्यानं, थांबू नका, त्याचं ऐकून बोलू नका. तुमचं चुकलं तर चुकू दे, भोपळा म्हणेल, ऐकून घ्या, वाटल्यास उलट चार शब्द ऐकवा. पण त्याची बरोबर सकाळ असली, आणि जुळलं, तर मागं वळून एकदा त्याच्याकडं बघा. तुम्ही परके आहात. तुमचं त्याला खरं वाटेल. जाल ना?